ऑपेरा न लिहिलेल्या बाखला रंगमंचावर आणायचं कसं?

लाइपझिगच्या नगरपरिषदेने ५ मे १७२३ रोजी एका अडतीस वर्षांच्या संगीतकाराकडून नोकरीच्या अटींवर सही घेतली. अटी चिक्कार होत्या. महापौरांना विचारल्याशिवाय गाव सोडायचं नाही, शाळेतल्या मुलांना वळण लावायचं, स्वतःचं वागणं नीट ठेवायचं. त्यांतच एक अट अशी होती की चर्चमधलं संगीत फार लांबवायचं नाही, ते ऑपेरासारखं वाटता कामा नये, ऐकणाऱ्याच्या मनात भक्तिभाव जागा होईल असंच ते असलं पाहिजे. सही करणारा होता योहान सेबास्टियन बाख.

बाखने आयुष्यात एकही ऑपेरा लिहिला नाही. तो जन्मला त्याच १६८५ साली, त्याच्या गावापासून फार लांब नाही अशा हाले शहरात जन्मलेला हँडेल इटली करून लंडनला पोचला आणि ऑपेरांच्या जोरावर त्याने युरोपभर नाव कमावलं. बाख मात्र थुरिंगिया आणि सॅक्सनीच्या टापूत या गावाहून त्या गावी नोकऱ्या बदलत राहिला. तरी आज त्याच्या आयुष्यावर बॅले होतात, चित्रपट निघतात, चर्चसाठी लिहिलेल्या त्याच्या रचना हालचाली-अभिनयासकट सादर होतात. पाश्चात्त्य संगीताशी जुजबी ओळख असलेल्या आपल्या प्रेक्षकाला यूट्यूबवर यातलं काही दिसलं, की पहिला प्रश्न पडतो तो हा, की हे चाललंय काय? हे नाटक आहे, मैफल आहे की प्रार्थना? थोडक्यात उत्तर द्यायचं तर तिन्ही. पण ते तिन्ही एकत्र कसं नांदतं, हे कळायला आधी बाख हा माणूस आणि मग त्याची गोष्ट सांगण्याची पद्धत, दोन्ही जरा जवळून बघायला हवं.

कागदोपत्री बाख

बाखचं आयुष्य रंगवणाऱ्याची पहिली पंचाईत होते ती सामग्रीची. मोझार्टची शेकडो पत्रं आहेत. बाखची खासगी म्हणावीत अशी पत्रं बोटांवर मोजण्याइतकीच. रोजनिशी नाही, मनातलं सांगणारं टिपण नाही. आहेत ते नगरपरिषदेचे ठराव, चर्चच्या चौकशांतले जबाब, पगाराच्या नोंदी आणि तक्रारअर्ज. शिवाय त्याच्या मुलाने आणि एका शिष्याने लिहिलेला, १७५४ साली छापलेला मृत्युलेख. बस्स.

या कागदांतून दिसणारा गृहस्थ मोठा तापट आहे. आर्नश्टाट गावात विशीत असताना त्याने बासून हे फुंकून वाजवायचं वाद्य वाजवणाऱ्या एका विद्यार्थ्याला बकरीवरून शिवी दिली. त्या विद्यार्थ्याने रात्री रस्त्यात गाठून काठी उगारली, तर बाखने कमरेचं हत्यार उपसलं. चौकशी झाली. त्याच वर्षी, म्हणजे १७०५ साली, बुक्सटेहुड या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकायला तो चार आठवड्यांची रजा काढून ल्यूबेकला गेला. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, आणि मृत्युलेख सांगतो की पायी गेला. परत आला चार महिन्यांनी. पुन्हा चौकशी. १७१७ साली वाइमारच्या ड्यूकची नोकरी सोडण्याचा हट्ट त्याने इतका धरला की ड्यूकने त्याला जवळजवळ महिनाभर कोठडीत टाकलं आणि मग नाइलाजाने सोडलं.

लाइपझिगला तरी मान मिळाला का? परिषदेला आधी टेलेमान हवा होता. तो आला नाही. मग ग्राउप्नर हवा होता. त्याला त्याच्या मालकाने सोडलं नाही. सर्वोत्तम मिळत नसेल तर मध्यमावर भागवावं लागेल, असं एका सभासदाने म्हटल्याची नोंद दप्तरात आहे. पुढे २८ ऑक्टोबर १७३० रोजी बाखने आपल्या एका जुन्या शाळूसोबत्याला पत्र लिहिलं. त्यात इथल्या महागाईबद्दल, वरिष्ठांच्या संगीतविषयक अनास्थेबद्दल तक्रार आहे, आणि एक ओळ तर अशी आहे की ती वाचून हसावं की काय करावं ते कळत नाही. अंत्यविधीला संगीत दिलं की कँटरला, म्हणजे चर्च-संगीताची जबाबदारी असलेल्या बाखसारख्या नोकराला, दक्षिणा मिळे. गेल्या वर्षी हवा निरोगी राहिली, माणसं कमी मेली, त्यामुळे आपलं शंभराहून जास्त थालरचं (थालर म्हणजे तिथलं चांदीचं नाणं) नुकसान झालं, असं तो सरळ लिहून मोकळा होतो. घरात खाणारी तोंडं किती होती ते बघितलं की या हिशेबीपणाचं नवल वाटत नाही. दोन लग्नांतून त्याला वीस मुलं झाली. त्यांतली दहाच मोठी झाली.

आता याच माणसाची दुसरी बाजू बघा. १७०८ साली म्युलहाउझेनची नोकरी सोडताना लिहिलेल्या पत्रात त्याने आपलं ध्येय सांगून ठेवलंय: देवाच्या गौरवासाठी नीट घडी बसलेलं चर्च-संगीत. हस्तलिखितांच्या सुरुवातीला तो अनेकदा 'जे. जे.' अशी अक्षरं घाली, म्हणजे 'येशू, साहाय्य कर', आणि शेवटी 'एस. डी. जी.', म्हणजे 'गौरव फक्त देवाचा'. आपल्याकडे वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहितात त्याच सवयीतलं हे म्हणता येईल. त्या काळच्या इतरांचीही अशी रीत होती, त्यामुळे तेवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण त्याच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत धर्मशास्त्राच्या ग्रंथांची बावन्न नावं आहेत. मार्टिन ल्यूथर या धर्मसुधारकाच्या समग्र लेखनाचे तर दोन वेगवेगळे संच. त्यांतलाच कालोव नावाच्या पंडिताच्या टीकेसह छापलेला तीन खंडांचा बायबल-ग्रंथ १९३४ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या एका घरात सापडला. त्यावर बाखची सही आहे, १७३३ हे साल आहे, आणि समासात त्याच्या हातची टिपणं आहेत. मंदिरात गायक-वादक एका सुरात गाऊ लागले आणि देवाच्या तेजाने मंदिर भरून गेलं, हा जुन्या करारातला प्रसंग जिथे येतो, तिथे त्याने लिहून ठेवलंय: भक्तीने केलेल्या संगीतात देव आपल्या कृपेसह नेहमी हजर असतो.

हे टिपण कुणाला दाखवायला लिहिलेलं नाही. म्हणून बाखच्या श्रद्धेचा हा मला सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो. आणि मयतीच्या दक्षिणेचा हिशेब मांडणारा आणि हे लिहिणारा हात एकच आहे. रंगमंचावर बाख आणणारे बरेच जण इथेच गडबडतात. एक तर ते त्याला डोक्यामागे प्रभावळ असलेला संत करतात, नाहीतर विग घातलेला भांडकुदळ म्हातारा. दोन्ही एकाच माणसात दाखवायचे तर संवाद अपुरे पडतात. त्यासाठी जो साचा लागतो तो बाखने स्वतःच तयार करून ठेवलाय.

कीर्तनासारखी मांडणी

तो साचा म्हणजे पॅशन. येशूला पकडलं, त्याची चौकशी झाली, त्याला क्रुसावर दिलं, ही कथा गुड फ्रायडेला चर्चमध्ये गाऊन सांगायची. बाखची योहानाच्या शुभवर्तमानावरची पॅशन ७ एप्रिल १७२४ रोजी झाली. मत्तयाच्या शुभवर्तमानावरची, दोन गायकवृंद आणि दोन वाद्यवृंद लागणारी मोठी पॅशन बहुधा ११ एप्रिल १७२७ रोजी.

आपल्याला ही मांडणी परकी वाटायचं कारण नाही. नारदीय कीर्तनात बुवा आख्यान लावतात. कथा सांगता सांगता पात्रांचे संवाद म्हणतात, ऐन रंगात कथा थांबवून एखादं पद आळवतात, आणि मध्येच नामघोष होऊन सगळी सभा त्यात सामील होते. पॅशनमध्ये हेच तीन थर आहेत. पहिला थर निवेदकाचा. त्याला एव्हँजेलिस्ट म्हणतात. तो बायबलची ओळन् ओळ बोलण्याच्या लयीत गातो; येशू, पेत्र, पिलात यांची वाक्यं वेगवेगळे गायक उचलतात आणि जमावाची वाक्यं गायकवृंद. दुसरा थर आरियाचा. इथे कथा थांबते आणि एक आवाज आत्ता घडलेल्या गोष्टीवर चिंतन करतो. तिसरा थर कोरालचा. कोराल म्हणजे ल्यूथरपंथी मंडळींना लहानपणापासून पाठ असलेली स्तोत्रं. कीर्तनाशी फरक असा, की बुवा एकटे सगळं पेलतात, इथे ते अनेकांत वाटलेलं आहे. आणखी एक, या पॅशनचे दोन भाग आहेत आणि मधल्या वेळात पाद्री प्रवचन करायचे.

हे तीन थर एकमेकांवर कसे आदळतात, ते मत्तय-पॅशनमधल्या एका जागी फार सुंदर दिसतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणतो, तुमच्यातलाच एक जण मला दगा देणार आहे. शिष्य गडबडून विचारतात, 'प्रभू, तो मी का?' गायकवृंद हा प्रश्न भराभर, एकमेकांवर कुरघोडी करत विचारतो. त्यात 'प्रभू' हा शब्द मोजला तर अकरा वेळा येतो. शिष्य बारा; दगा देणाऱ्या यहूदाने तोंड उघडलेलं नाही. आता श्रोत्याला वाटतं, पुढे येशू उत्तर देईल. पण बाख त्याला उत्तर देऊच देत नाही. तिथे तो कथा अडवून कोराल घालतो आणि त्या कोरालचे पहिले शब्द आहेत: 'तो मीच.' प्रश्न विचारला तो शिष्यांनी, सतराशे वर्षांपूर्वी. उत्तर दिलं ते लाइपझिगच्या बाकांवर बसलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि विणकरांच्या तोंडच्या स्तोत्राने.

नाट्य म्हणतात ते याहून वेगळं काय असतं! मात्र त्या दिवशी कोणी अभिनय केला नव्हता. गायक-वादक वरच्या सज्जात होते, स्त्रियांना चर्चमध्ये गायची मुभा नसल्याने उंच पट्ट्यांतले आवाज शाळेतल्या मुलांचे होते, वेशभूषा नाही, टाळ्या नाहीत. ऑपेराची वाट बंद करून ठेवलेल्या नोकरीत राहून बाखने रंगमंच ऐकणाऱ्याच्या डोक्यातच उभा केला. क्रिस्टियान गेर्बर नावाच्या एका पाद्र्याने १७३२ साली एक किस्सा छापलाय: अशीच वाद्यांनी भरलेली पॅशन ऐकून एक म्हातारी खानदानी बाई उद्गारली, देवा रे, हे तर ऑपेरा-कॉमेडीला आल्यासारखं झालं! गेर्बरने गावाचं नाव दिलेलं नाही, त्यामुळे किस्सा बाखच्या खात्यावर मांडता येत नाही. पण अटीतलं ते कलम का आलं, याचा अंदाज त्यावरून येतो.

गातंय कोण?

अभिनयासकट पॅशन करायची म्हटली की दिग्दर्शकाला सगळ्यात जास्त झोंबतो तो आरियाचा थर. पेत्राचा प्रसंग घ्या. अंगणात बसलेला असताना पेत्र तीन वेळा म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही. कोंबडा आरवतो. निवेदक सांगतो, तो बाहेर गेला आणि हमसून रडला. 'रडला'वर निवेदकाचा सूर वर चढत, वळणं घेत, मोडून पडतो. मग एकटं व्हायोलिन सुरू होतं, हळू झोके घेणाऱ्या लयीत, आणि त्यावर आरिया येते: 'दया कर, माझ्या देवा, माझ्या आसवांकडे बघ.'

इथे गंमत अशी आहे की पेत्राचा आवाज बाखने खर्जातला, बास ठेवलाय. ही आरिया मात्र आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजांतला खालच्या पट्टीचा आवाज, गाते. म्हणजे पेत्राचं रडणं पेत्र गात नाही. मग कोण गातंय? कुणीतरी ज्याने ते ऐकलं, आणि ज्याला स्वतःचं काही आठवलं. नुसत्या मैफलीत हा प्रश्न सोडून देता येतो; रंगमंचावर ती बाई कुठून येते, पेत्राकडे बघते की नाही, हे ठरवावंच लागतं. दिग्दर्शक पीटर सेलर्सने २०१० साली वाद्यवृंद-संचालक सायमन रॅटल आणि बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाबरोबर मत्तय-पॅशन केली, तेव्हा एकल वाजवणारे वादक आणि गायक त्याने एकमेकांजवळ आणले. गायकवृंद वाद्यवृंदाच्या अवतीभवती फिरतो, निवेदक मार्क पॅडमोर सगळी यातना स्वतःच्या अंगावर घेतो. सेलर्स याला नाटक म्हणत नाही, विधी म्हणतो. मला तो शब्द नेमका वाटतो. कुणी क्रूस खांद्यावर घेऊन फिरत नाही, दाढीवाला येशू नाही, तरी दोन-तीन ठिकाणी बघताना श्वास अडकतो.

येशूच्या वाक्यांमागे या पॅशनमध्ये तंतुवाद्यांचे लांब, शांत सूर असतात. इतर कुणाच्याही वाक्यामागे ते नाहीत. फक्त एका ठिकाणी ते येशूलाही मिळत नाहीत. क्रुसावरून तो ओरडतो, 'माझ्या देवा, तू मला का टाकलंस?' तिथे व्हायोलिनं गप्प. आयुष्यभर सोबत असलेला सूर नेमका गरजेच्या वेळी नाही. बाखच्या श्रद्धेबद्दल बोलायचं तर ही जागा मला त्या समासातल्या टिपणाइतकीच महत्त्वाची वाटते. देव संगीतात हजर असतो असं लिहिणाऱ्यानेच हा प्रसंग असा लिहिलाय.

आयुष्याला तोच साचा

बाखचं चरित्र रंगमंचावर आणताना हेच तीन थर वापरले की काम सोपं होतं, असं माझं मत. निवेदकाने कागद वाचावेत, तेही जसेच्या तसे. जुलै १७२० चा प्रसंग घ्या. तेव्हा क्योथेनच्या राजपुत्राच्या पदरी असलेला बाख त्याच्याबरोबर कार्ल्सबादला गेला होता. निघताना बायको मारिया बार्बारा ठणठणीत होती. परतला तेव्हा तिला पुरूनही झालं होतं, आणि हे त्याला घरात पाऊल टाकल्यावर कळलं. मृत्युलेखात हे दोनच वाक्यांत आहे. त्यावर नटाने हंबरडा फोडला तर तो आपल्यापर्यंत पोचेलच असं नाही. निवेदकाने ती दोन वाक्यं कोरड्या आवाजात वाचावीत, आणि मग दुसऱ्याच कुणीतरी गावं.

काय गावं? इथे एक रचना आहे, 'आक्टुस ट्रागिकुस' या नावाने ओळखली जाणारी. अंत्यविधीसाठी लिहिलेला हा कँटाटा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठीचा गायन-वादनाचा मोठा तुकडा. लिहिला तेव्हा बाख बावीस-तेवीस वर्षांचा असावा. दहा वर्षांचा व्हायच्या आतच आई आणि वडील दोघेही गेलेले, मोठ्या भावाच्या घरी वाढलेला मुलगा तो. त्या कँटाटाच्या मध्यावर खालचे आवाज म्हणत राहतात, 'माणसा, तुला मरायचंच आहे.' त्यांच्या वरून सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच पट्टीचा आवाज, गाते, 'हो, ये, प्रभू येशू.' बासऱ्या तिसरंच काहीतरी वाजवतायत: एक स्तोत्र, शब्दांविना. हळूहळू सगळे थांबतात, सोप्रानो एकटी उरते, वाक्य पुरं न होताच तिचा आवाज विरतो. आणि पुढे बाखने अख्खा एक रिकामा ठोका-गट लिहून ठेवलाय.

हे संगीत १७२० च्या दुःखावर लिहिलेलं नाही, कारण ते त्याच्या बारा-तेरा वर्षं आधीचं. म्हणून तर ते तिथे वापरता येतं: आरिया जशी पेत्राची नसते, तसंच.

जे करून दाखवलंय

याआधी या वाटेने गेलेले काही लोक आहेत. पहिला मान खरं तर नाटकवाल्यालाच. ११ मार्च १८२९ रोजी वीस वर्षांच्या मेंडेल्सोन या संगीतकाराने बर्लिनमध्ये विस्मृतीत गेलेली मत्तय-पॅशन पुन्हा उभी केली, बरीच काटछाट करून. या खटाटोपात त्याचा जोडीदार होता एडुआर्ड डेव्हरिएंट. गायक आणि रंगकर्मी. येशूची वाक्यंही त्यानेच गायली. तो पुढे सांगतो, मेंडेल्सोन गमतीने म्हणाला की ख्रिस्ती जगातलं सगळ्यात थोर संगीत परत आणायला एक नट आणि एक ज्यू पोरगाच लागला.

स्पेनच्या नाचो दुआतोने १९९९ साली वाइमारसाठी बाखवर बॅले बसवला. वाइमार म्हणजे बाखला कोठडीत टाकणारं तेच गाव; त्या वर्षी ते युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. या बॅलेमध्ये चरित्र असं ओळीने नाहीच. पहिल्या भागात नर्तक म्हणजेच वाद्यं, सूर, वादक. एका जागी बाखची भूमिका करणारा नर्तक बसतो, एक नर्तकी त्याच्या पुढ्यात टेकते आणि तो तिला चेलोसारखं वाजवू लागतो. मागे पहिल्या चेलो स्वीटचं सुरुवातीचं प्रील्यूड. दुसरा भाग मृत्यूचा. मुखवटा घातलेली एक बाई त्याच्या मागावर असते. बाखच्या नोकऱ्या, तारखा, भांडणं यातलं काहीही कळत नाही, आणि मला त्याचं काही वाईटही वाटलं नाही. पण धर्म जवळजवळ गाळला गेलाय, हे खटकतं. जर्मनीतच जॉन नॉयमायरने १९८१ साली हँबुर्गला अख्खी मत्तय-पॅशन नाचवली, पांढऱ्या कपड्यांत, चार तासांच्या आसपास. येशूची भूमिका त्याने स्वतः केली. तिथे श्रद्धा आहे, पण बाख हा माणूस नाही.

दोन्ही सापडतं ते, मजा बघा, एका चित्रपटात. १९६८ साली श्ट्राउब आणि ह्विले या जोडीने दुसरी बायको आना माग्दालेना हिच्या तोंडून बाखची हकिगत सांगितली. आना माग्दालेना स्वतः दरबारी गायिका होती, लग्नात वीस वर्षांची. तिने लिहिलेली हकिगत उपलब्ध नाही. ती कागदपत्रांच्या आधारे रचलेली. आवाज सपाट. पगार, तक्रार, मूल गेलं, पुन्हा तक्रार. आणि मध्ये मध्ये गुस्ताव लेओनहार्ट, जो नट नव्हता, नामांकित हार्पसिकॉर्ड आणि ऑर्गनवादक होता, विग घालून प्रत्यक्ष वाजवतो. कॅमेरा क्वचितच हलतो, वाजवणं सहसा मध्ये कापत नाहीत. काहींना याचा प्रचंड कंटाळा येतो, आणि येऊ शकतो हे मान्य. पण निवेदन आणि संगीत यांचं प्रमाण असं बिनचूक मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

दंतकथांचा मोह

रंगमंचाला भुरळ घालणाऱ्या काही गोष्टी बाखच्या नावावर आहेत. भावाने कुलपात ठेवलेली संगीताची वही लहानग्या बाखने रात्री काढून चंद्रप्रकाशात उतरवली, आणि भावाने ती नक्कल जप्त केली. ही मृत्युलेखातलीच, तेव्हा घरातून आलेली आहे; खुशाल दाखवावी. दुसरी, एकट्या व्हायोलिनसाठीची शाकोन नावाची ती विख्यात रचना मारिया बार्बाराच्या स्मरणार्थ लिहिली. हस्तलिखितावर १७२० हे साल आहे, आणि हेल्गा टोएने या संशोधक बाईंनी त्या सुरांत मृत्यूविषयीची कोराल दडलेली असल्याचा सिद्धांत मांडला. अनेक अभ्यासकांना तो पटत नाही. प्रयोगात ऐकायला मात्र ते कमालीचं परिणामकारक होतं, आणि तिथेच धोका आहे.

तिसरी सगळ्यांत मोहक. जर्मन स्वरलिपीत बी, ए, सी, एच ही चार अक्षरं सूर म्हणून वाजवता येतात. फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक आवाज उचलत जातात अशी रचना. 'आर्ट ऑफ फ्यूग' या संग्रहातल्या शेवटच्या फ्यूगमध्ये बाख आपल्याच आडनावाचे हे चार सूर आणतो, आणि थोड्याच वेळात रचना अर्ध्यावर तुटते. मुलाने पुढे त्यावर लिहून ठेवलं की इथे रचनाकार वारला. प्रयोगाचा शेवट याहून तयार कुठे मिळणार? पण अक्षर तपासणारे सांगतात की ते पान मृत्यूच्या बरंच आधीचं असावं. शेवटच्या काळात त्याचे डोळे गेले होते. १७५० च्या वसंतात टेलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने दोनदा शस्त्रक्रिया केली आणि उरलीसुरली दृष्टीही गेली. २८ जुलैला बाख वारला.

पॉट्सडामचा प्रसंग मात्र अस्सल, आणि नाटककारांचा लाडका. ७ मे १७४७ रोजी बाख प्रशियाच्या दरबारात गेला. फ्रेडरिक राजा बासरीवादक, धर्माबद्दल तुटक. बाखचा मुलगा त्याच्याच पदरी. राजाने दिलेल्या अवघड सुरावटीवर बाखने जागच्या जागी तीन आवाजांचा फ्यूग बांधला, घरी जाऊन त्यावर अख्खा संग्रह लिहिला आणि तो राजाला अर्पण केला. समोरासमोर दोन माणसं आली की नाटकाला बरं पडतं.

पाळण्याची चाल

भाविकपणा रंगमंचावर दाखवायला माझ्या मते सगळ्यात उत्तम जागा वेगळीच आहे, आणि ती कोणी फारशी वापरत नाही. ५ सप्टेंबर १७३३ रोजी सॅक्सनीच्या राजपुत्राच्या वाढदिवसाला बाखने एक कँटाटा सादर केला. त्यात तरुण हर्क्युलिस दोन वाटांसमोर उभा आहे. एकीकडे सद्गुण, दुसरीकडे विलासिता. विलासिता त्याला भुलवण्यासाठी अंगाई गाते: झोप, माझ्या लाडक्या, सुखाचा आस्वाद घे. पुढच्याच वर्षीच्या नाताळात, ख्रिसमस ओराटोरिओमध्ये (ओराटोरिओ म्हणजे अभिनयाविना गाऊन सांगितलेली धार्मिक कथा), हीच चाल परत आली. सूर खाली आणले, सोप्रानोऐवजी आल्टोला दिली, आणि आता ती गोठ्यातल्या बाळ येशूसाठी गायली जाते. शब्द बदलले, चाल तीच.

आधुनिक मनाला इथे ठेच लागते. इतका देवभोळा माणूस मोहिनीचं गाणं बाळ येशूला कसं देतो? त्या काळची समजूत अशी होती की संगीत भाव उभा करतं आणि तो भाव कोणाकडे वळवायचा ते शब्द ठरवतात. माया, झोप, हळुवारपणा हे भाव वाईट नाहीत. विलासिता ते चोरून वापरत होती. ल्यूथरपंथात संगीत हीच देवाची देणगी मानलेली, तेव्हा राजवाड्यातलं सुंदर काही चर्चमध्ये आणलं तर ते उष्टं होत नाही. यात व्यवहारही होताच. वाढदिवसाचा कँटाटा एकदा वाजला की संपला. ओराटोरिओ दर नाताळाला लावता येतो. झिमरमानच्या कॉफीहाउसमध्ये वाद्यवृंद चालवणाऱ्या, कॉफीवेड्या मुलीवर आणि तिच्या वैतागलेल्या बापावर विनोदी कँटाटा लिहिणाऱ्या माणसाला देव आणि हिशेब यांची फारकत करावीशी वाटली नसावी. रंगमंचावर ही दोन गाणी एकापाठोपाठ एक म्हणावीत, मध्ये भाष्य न करता, एकाच गायिकेकडून.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात अख्ख्या पॅशनपासून करू नये. ती तीन तासांच्या आसपास चालते आणि भाषा जर्मन, त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासातच उठावंसं वाटेल. पेत्राच्या नकारापासून 'दया कर'पर्यंतचा दहा-बारा मिनिटांचा तुकडा उपशीर्षकांसह बघावा, आधी नुसत्या मैफलीतला, मग सेलर्सचा. त्यानंतर दुआतोचा चेलोचा प्रवेश. आणि 'प्रभू, तो मी का?' लागेल तेव्हा बोटांवर मोजत बसू नका. पुढचा कोराल निसटून जातो.